कुरतडलेला कढीपत्ता

गेल्या जूनमध्ये आईला गॅलरीतल्या कढीपत्त्यावर पाखराची शीट दिसली. ओल्या फडक्याने पुसायला गेली, तर शीट चालू लागली.

ठाण्याच्या घोडबंदर रोडवर, तिसऱ्या मजल्यावर चार कुंड्या, आणि त्यात कॉमन मॉर्मन फुलपाखराची अळी! लहानपणी ती काळपट-पांढरी असते. शीट समजून पक्षी सोडून देतात. चौथी कात टाकली की हिरवीगार होते. मग डिवचलं, तर डोक्यामागून लालसर, दोन टोकांचं शिंग बाहेर काढून उग्र वास सोडते. "आणि मी फोडणीला काय घालू?" हा आईचा प्रश्न.

फुलपाखरांसाठी आपण नर्सरीतून फुलझाडं आणतो. पण फुलांतला मध हे मोठ्यांचं खाणं. पोरांना पान लागतं आणि तेही ठरलेल्या झाडाचं. मादी पानावर पाय आपटून त्याची चव घेते, पटली तरच अंडं घालते. लिंबू आणि कढीपत्ता एकाच कुळातले, म्हणून आमच्याकडे ही पाहुणी. २०१५ साली राज्य फुलपाखरू ठरलेलं राणी पाखरूही लिंबाच्याच कुळावर वाढतं. रुईवर प्लेन टायगर येतं आणि रुईच्या चिकातलं विष अंगात साठवतं. पानफुटीवरच्या रेड पिएरोची अळी तर पानाच्या आत शिरून गर खाते. सोसायट्यांच्या कुंपणाशी रांगेने उभा असलेला तो उंच, खोटा अशोक 'टेल्ड जे' या फुलपाखराच्या अळ्यांना चालतो. शोभेच्या झाडांत माझ्या मते तेवढंच एक कामाचं.

म्हणजे पानं कुरतडलेली दिसली, तर झाड कामाला लागलंय. आमच्या सोसायटीत मात्र भोक दिसलं की फवारणी. मी सभेत विषय काढला, तर पार्किंगवर चर्चा सुरू झाली.

पाण्याचं म्हणाल, तर पसरट ताटलीत माती ओली ठेवा. नर त्यातले क्षार शोषायला येतात. पाणी साचू मात्र देऊ नका, आठवड्याभरात डास होतील.

कॉमन मॉर्मनची आणखी एक गंमत. काही माद्या नरासारख्याच दिसतात, काही मात्र कॉमन रोझ या विषारी फुलपाखराची हुबेहूब नक्कल करतात. हे सोंग ठरतं एकाच जनुकावर. नाव 'डबलसेक्स', एरवी नर-मादीची शरीरं वेगळी घडवणारं. फुलपाखरांचे अभ्यासक कृष्णमेघ कुंटे आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली ते दाखवून दिलं. ज्या अळीवर आई फडकं फिरवणार होती, तिचंच हे घराणं.

कोष करायला आमची अळी कुंडी सोडून कपड्यांच्या स्टँडवर गेली आणि रेशमाचा धागा कंबरेला बांधून तिथेच चिकटली. जवळजवळ दोन आठवडे त्या बाजूला काही वाळत पडलं नाही. फोडणीचा कढीपत्ता आता भाजीवाल्याकडून येतो.