उशी बडवून राग निघून जातो का?

‘राग साठवू नका, उशी बडवा, ओरडा, म्हणजे तो निघून जाईल,’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. तो पटतो, कारण बडवल्यावर क्षणभर हलकं वाटतं खरं. पण राग म्हणजे कोंडलेली वाफ नव्हे. रागात छाती धडधडते, स्नायू ताठरतात. बडवताना हे आणखी वाढतं आणि मनात त्याच प्रसंगाची उजळणी होत राहते. प्रयोगांतही, चिडवणाऱ्याला आठवत ठोसे मारणाऱ्यांचा राग शांत बसलेल्यांपेक्षा जास्तच राहिला.

स्वतः पडताळा. राग आला की मनगटावर दोन बोटं ठेवून 30 सेकंद नाडी मोजा. पाच मिनिटं सावकाश, लांब श्वास सोडत बसा, पुन्हा मोजा. आकडा बहुधा उतरलेला दिसेल.

राग गिळा, असं मात्र मुळीच नाही. खुपतंय ते सांगायचंच, फक्त नाडी उतरल्यावर.