तापमान आणि शहरी मृत्युदर

शहरातील रोजच्या मृत्यूंची संख्या हवेच्या तापमानाबरोबर कमी-जास्त होते. हा संबंध आलेखावर मांडला, तर दोन्ही टोकांना वर उचललेली वक्ररेषा मिळते. तिच्या तळाशी जे तापमान येते, त्याला किमान मृत्यूचे तापमान म्हणतात. पारा त्याच्या खाली उतरला किंवा वर चढला, की मृत्यू वाढू लागतात. हा बिंदू सगळीकडे सारखा नसतो. थंड प्रदेशातील शहरांत तो कमी अंशांवर असतो, उष्ण प्रदेशातील शहरांत जास्त अंशांवर. माणसांचे शरीर, घरांची बांधणी, कपडे आणि कामाच्या वेळा ज्या हवेला सरावलेल्या असतात, त्यावर तो ठरतो.

या विषयाचा अभ्यास बराच जुना आहे. १७९५चा जानेवारी लंडनमध्ये कडाक्याच्या थंडीचा होता, तर १७९६चा जानेवारी सौम्य. विल्यम हेबर्डन (धाकटे) या वैद्याने शहरातील मृत्यूंच्या नोंदी काढून दोन्ही महिने शेजारी शेजारी ठेवले. कडक थंडी आरोग्याला चांगली, असा तेव्हा समज होता. नोंदींनी त्याच्या नेमके उलट दाखवले. आजही पद्धत मुळात तीच आहे. उन्हाने गेलेल्या माणसाच्या मृत्यूच्या दाखल्यावर बहुधा हृदयविकार किंवा मूत्रपिंड निकामी होणे असेच कारण लिहिलेले असते, उष्माघात क्वचितच. म्हणून दाखले मोजण्याऐवजी त्या काळात एरवी किती मृत्यू झाले असते याचा अंदाज बांधतात आणि प्रत्यक्ष संख्येतून तो वजा करतात. उरतात ते अतिरिक्त मृत्यू. उष्माघाताचे सरकारी आकडे आणि अतिरिक्त मृत्यू यांत मोठी तफावत दिसते ती यामुळेच.

२०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात १३ देशांतील ३८४ ठिकाणच्या सुमारे ७.४ कोटी मृत्यूंचा विचार केला होता. त्यांपैकी ७.७१ टक्के मृत्यूंचा संबंध प्रतिकूल तापमानाशी आढळला. थंडीचा वाटा ७.२९ टक्के, उष्णतेचा अवघा ०.४२ टक्का. हे आकडे वाचून उष्णतेची भीती फुकाची आहे असे वाटू शकते. पण थंडीच्या खात्यातील बहुतेक मृत्यू हाडे गोठवणाऱ्या दिवसांतले नाहीत. ते साध्या, सहन होणाऱ्या गारव्याच्या दिवसांतले आहेत. असे दिवस वर्षात खूप असतात, त्यामुळे थोडाथोडा धोका साठत जाऊन बेरीज मोठी होते. उष्णतेचे दिवस मोजके, पण त्यांचा आघात एकदम येतो.

दोन्हींची चालही वेगळी आहे. उष्णतेचा परिणाम त्याच दिवशी किंवा दोन-तीन दिवसांत दिसतो. अंग थंड ठेवण्यासाठी रक्त त्वचेकडे वळते, हृदयाची धाव वाढते, घामावाटे पाणी आणि क्षार जातात, मूत्रपिंडांवर ताण येतो. थंडीचा परिणाम तीन-चार आठवडे रेंगाळतो. रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब चढतो, रक्त घट्ट होऊन गुठळी होण्याची शक्यता वाढते. त्यामुळे हृदयविकाराचे झटके आधी येतात. फ्लू आणि न्यूमोनियाचे बळी नंतर वाढतात. थंडीबरोबर धुरकेही साचले, तर त्यातले कोणते मृत्यू कशामुळे झाले हे वेगळे काढणे अवघड जाते. १९५२च्या डिसेंबरमध्ये लंडनला हेच घडले.

सर्वांत बोलका भाग घरांचा आहे. युरोपातील १९९७च्या एका अभ्यासात असे दिसले, की तापमान एक अंशाने घसरल्यावर अथेन्समध्ये मृत्यू जितके वाढतात, त्या मानाने दक्षिण फिनलंडमध्ये फारच कमी वाढतात. बाहेर ७ अंश सेल्सिअस असताना अथेन्सच्या घरांतील बैठकीच्या खोलीत सरासरी १९.२ अंश तापमान होते, फिनलंडमध्ये २१.७. त्या हवेत बाहेर पडताना फिनलंडमध्ये ७२ टक्के लोकांच्या डोक्यावर टोपी होती, अथेन्समध्ये १३ टक्के. पोर्तुगालसारख्या सौम्य हवेच्या देशात हिवाळी मृत्यूंचे प्रमाण जास्त असते, हे कोडे इथे बरेचसे सुटते.

उष्णतेच्या बाबतीत शहर स्वतःच भर घालते. डांबर आणि काँक्रीट दिवसभर तापून रात्री उष्णता सोडत राहतात. शरीराला सावरायला लागणारी गार रात्र मिळतच नाही. शहर आसपासच्या खेड्यांपेक्षा उबदार असते, हे ल्यूक हॉवर्ड यांनी लंडनच्या मोजमापांतून एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच नोंदवले होते. जुलै १९९५ मध्ये शिकागोत पारा ४१ अंशांवर गेला आणि सातशेहून अधिक अतिरिक्त मृत्यू झाले. एकटे राहणारे वृद्ध, वरच्या मजल्यावरचे भाडेकरू आणि वातानुकूलन नसलेली घरे यांना त्याची झळ सर्वाधिक बसली. २००३च्या ऑगस्टमध्ये फ्रान्समध्ये सुमारे १५,००० जण दगावले, तेव्हाही छपराखालच्या खोल्या घातक ठरल्या. मे २०१० मध्ये अहमदाबादला ४६.८ अंश तापमान नोंदले गेले आणि त्या महिन्यात १,३४४ अतिरिक्त मृत्यू झाले. तिथल्या एका रुग्णालयात प्रसूती कक्ष सर्वांत वरच्या मजल्यावर होता. तो खाली हलवल्यावर उष्णतेने आजारी पडणाऱ्या नवजात बालकांचे प्रमाण घटले. २०१३ साली या शहराने उष्णता कृती आराखडा लागू केला.

उष्णतेच्या लाटेत गेलेली माणसे तशीही काही दिवसांत गेलीच असती, असा एक युक्तिवाद होतो. काही लाटांनंतर मृत्यू सरासरीखाली उतरतात, तेवढ्यापुरते त्यात तथ्य आहे. पण २००३च्या फ्रान्समध्ये ही घट एकूण बळींच्या मानाने नगण्य होती. तापमानवाढीमुळे हिवाळी मृत्यू आपोआप कमी होतील, या हिशेबातही अशीच गफलत आहे. त्यांतील काही मृत्यू ऋतूचे, म्हणजे श्वसनाच्या साथींचे आणि बंद खोल्यांतील गर्दीचे असतात, आणि पारा दोन अंश वर सरकल्याने ते टळत नाहीत.