उन्हाळी लागलीय, की पाळीचं दुखणं लघवीत उतरलंय?

पुण्यात एप्रिल लागला की घरोघरी कुणाला तरी 'उन्हाळी लागते'. लघवीला आग, थेंबथेंब होणं, जाऊन आलं तरी पुन्हा जावंसं वाटणं. स्वारगेट ते हडपसर रोज बसने जाणारी बाई वाटेत जायची सोय नाही म्हणून पाणीच पीत नाही, मग दुसरं काय होणार! आधी धन्याचं पाणी, सब्जा. नाहीच भागलं तर मेडिकलमधून 'मागच्याच गोळ्या'. बहुतेकदा ते इन्फेक्शनच असतं. ई. कोलाय हा आतड्यातला जंतू मूत्रमार्गातून वर चढतो आणि योग्य अँटिबायोटिकने दोन-तीन दिवसांत उतार पडतो.

पण दर महिन्याला तेच होत असेल तर? एंडोमेट्रिओसिसमध्ये गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी भलतीकडे वाढतात. हा आजार असलेल्या 100 बायकांपैकी साधारण एकीच्या मूत्रमार्गात, बहुधा मूत्राशयाच्या भिंतीत. पाळीच्या हार्मोन्सबरोबर या पेशींच्या गाठीही सुजतात, आग होते, ओटीपोटात कळ येते. पाळी सरली की दुखणं आपसूक ओसरतं आणि श्रेय मात्र गोळीला जातं.

फरक कळतो तो कल्चरमध्ये, म्हणजे लघवीतले जंतू लॅबमध्ये वाढवून बघण्याच्या तपासणीत. इन्फेक्शन असेल तर जंतू वाढतात, इथे वाढत नाहीत. मात्र नमुना गोळी सुरू करण्याआधीच द्यायला हवा, नाहीतर जंतू नसल्याच्या रिपोर्टला अर्थ उरत नाही. शिवाय भिंतीवरचं कालनिर्णय आहेच. दुधाच्या खाड्यांशेजारी पाळीला 'पा' आणि जळजळीला 'ज' लिहीत जा. तीन महिने दोन्ही अक्षरं एकाच चौकटीत पडली, तर ते पान घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा. (थंडी वाजून ताप आणि पाठीत कळ असेल तर कॅलेंडर राहू द्या, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.)

पुढे सोनोग्राफी, लागलं तर एमआरआय. दुर्बिणीने मूत्राशय आतून स्वच्छ दिसलं म्हणून विषय संपत नाही, कारण गाठ बाहेरून आत वाढते. उपचार हार्मोनच्या गोळ्यांचे. त्यांनी भागलं नाही तर लॅप्रोस्कोपीने (पोटाला छोटी छिद्रं पाडून) भिंतीचा तेवढा भाग काढतात.

मला जास्त धास्ती मूत्रवाहिनीतल्या, म्हणजे किडनीतून मूत्राशयात लघवी आणणाऱ्या नळीतल्या गाठीची वाटते. तिथे आग नाही, कळही नसेल, कालनिर्णयात काहीच उमटत नाही. नळी दाबली जाऊन लघवी मागे तुंबते आणि किडनी गुपचूप निकामी होऊ शकते. म्हणून एंडोमेट्रिओसिस ठरलेलं असेल आणि सोनोग्राफीच्या चिठ्ठीवर फक्त 'पेल्व्हिस' (ओटीपोट) लिहिलं असेल, तर 'डॉक्टर, किडन्याही बघायच्या का?' एवढं विचाराच.