संवेदी नसांमधले पेप्टाइड आणि त्यांचे रिसेप्टर

त्वचा, दात, आतडी, मेंदूवरची आवरणं इथली दुखण्याची आणि जळजळीची खबर मेंदूकडे नेणाऱ्या नसा म्हणजे संवेदी नसा, एवढं आपल्याला माहीत असतं. पण यातल्या बऱ्याचशा बारीक नसा फक्त खबर नेत नाहीत, ज्या टोकाने दुखणं टिपतात त्याच टोकातून आजूबाजूला केमिकलही सोडतात, आणि हा भाग खरं तर जास्त इंटरेस्टिंग आहे. ही केमिकल्स म्हणजे पेप्टाइड, अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या. सगळ्यात जास्त अभ्यास झालाय तो दोघांचा, सबस्टन्स पी आणि सीजीआरपी (कॅल्सिटोनिन जीन-रिलेटेड पेप्टाइड).

मिरचीतलं कॅप्सेसिन त्वचेला लागलं की आधी आग होते आणि मग लागलेल्या जागेच्या बाहेरपर्यंत लाली पसरते. आग होते ती नसेवरच्या टीआरपीव्ही१ या चॅनेलमुळे, म्हणजे पेशीच्या आवरणातल्या उघडझाप करणाऱ्या प्रोटीनच्या दारामुळे (हा १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या टीमने शोधला, २०२१ च्या नोबेलमध्ये त्याचा वाटा आहे), आणि लाली पसरते कारण सिग्नल नसेच्या शेजारच्या फांद्यांमध्ये उलटा फिरतो आणि तिथून पेप्टाइड बाहेर पडतात. सीजीआरपीने रक्तवाहिन्या रुंदावतात, सबस्टन्स पीने त्यातून पाणी झिरपून सूज येते.

सबस्टन्स पी सापडलं १९३१ मध्ये, लंडनला, उल्फ फॉन ऑयलर आणि जॉन गॅडम यांना, घोड्याच्या मेंदू आणि आतड्याच्या अर्कात. पण ते नेमकं आहे काय हे कळायला पुढची चाळीस वर्षं गेली. संशोधक सुसान लीमन दुसरंच हार्मोन शोधत होत्या, अर्क टोचला की उंदरांना भरपूर लाळ सुटायची, त्या लाळेचा पाठपुरावा करत त्या याच पेप्टाइडपर्यंत पोचल्या आणि १९७१ मध्ये त्याची ११ अमिनो आम्लं क्रमाने समजली.

सीजीआरपीची गोष्ट वेगळी. थायरॉइडमध्ये कॅल्सिटोनिन ज्या जीनपासून बनतं त्याच जीनचा संदेश नसांमध्ये वेगळा कापून-जोडून हे ३७ अमिनो आम्लांचं पेप्टाइड बनतं, हे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कळलं. त्वचेत अगदी किंचित टोचलं तरी लाली तासन्‌तास राहते.

खरी डोकेदुखी होती याचा रिसेप्टर, म्हणजे पेशीवरचं ते प्रोटीन ज्याला चिकटून पेप्टाइड आपला संदेश देतं. सीएलआर नावाचं प्रोटीन हाताशी होतं, पण पेशीत एकटं घातलं तर सीजीआरपीला काही दाद देईना. १९९८ मध्ये कारण सापडलं, त्याला रॅम्प नावाचं छोटं जोडीदार प्रोटीन लागतं, जे त्याला पेशीच्या पृष्ठभागावर घेऊन येतं आणि तो कोणाचं ऐकणार हेही ठरवतं! सोबत रॅम्प१ असेल तर सीजीआरपी, रॅम्प२ किंवा रॅम्प३ असेल तर मुख्यतः अॅड्रिनोमेड्युलिन हे दुसरं पेप्टाइड. एकाच प्रोटीनचे जोडीदार बदलून वेगवेगळे रिसेप्टर होतात, ही कल्पना तेव्हा एकदम नवी होती.

औषधांच्या बाबतीत सबस्टन्स पीने मोठी निराशा केली. त्याचा एनके१ रिसेप्टर बंद केला की प्राण्यांमध्ये दुखणं कमी व्हायचं, माणसांमध्ये मात्र ट्रायल फेल गेल्या. त्याच रिसेप्टरवरचं अॅप्रेपिटंट २००३ पासून केमोथेरपीच्या उलट्यांसाठी वापरलं जातं आणि तिथे ते खरोखर उपयोगी आहे.

सीजीआरपीवरच्या औषधांचा पाया पहिल्यापासून माणसांवरच्या पुराव्याचा होता, आणि माझ्या मते फरक तिथेच पडला. १९९० मध्ये पीटर गोड्सबी आणि लार्स एडविन्सन यांनी मायग्रेनच्या अटॅकमध्ये मानेच्या शिरेतल्या रक्तात ते वाढलेलं दाखवलं, २००२ मध्ये मायग्रेनच्या पेशंटना ते सलाइनसारखं शिरेतून दिल्यावर डोकं दुखायला लागलं. मग सीजीआरपीचा रिसेप्टर अडवणाऱ्या गोळ्या आल्या, त्यातल्या सुरुवातीच्यांपैकी टेलकाजेपंट लिव्हरच्या त्रासामुळे सोडून द्यावी लागली. मग २०१८ मध्ये अँटीबॉडी आल्या, एरेन्युमॅब रिसेप्टर अडवतं, फ्रेमानेझुमॅब आणि गॅल्कानेझुमॅब पेप्टाइडलाच पकडतात. आतड्यांमध्येही सीजीआरपी काम करतं, त्यामुळे एरेन्युमॅबने काहींना बद्धकोष्ठ होतं.

सगळ्या पेशंटना या औषधांनी गुण येत नाही. याचं एक कारण कदाचित हे, की सीजीआरपी दुसऱ्या एका रिसेप्टरलाही चिकटतं, कॅल्सिटोनिन रिसेप्टर आणि रॅम्प१ यांच्या जोडीला, आणि ही जोडी चेहऱ्याच्या संवेदना नेणाऱ्या ट्रायजेमिनल नसेच्या गँग्लियनमध्येही (नसेच्या पेशींच्या गाठीतही) दिसते. शिवाय पीएसीएपी हे वेगळंच पेप्टाइड दिलं तरी मायग्रेन सुरू होतो, म्हणून आता त्याच्याविरुद्धच्या अँटीबॉडींच्या ट्रायल चालू आहेत.