चाळीस, पन्नास, साठ: एचडीएलच्या रेषा आल्या कुठून?

लिपिड प्रोफाइलच्या (रक्तातल्या चरबीच्या तपासणीच्या) रिपोर्टात एचडीएलसमोर, म्हणजे ‘चांगल्या कोलेस्टेरॉल’समोर, एक लॅब सगळ्यांसाठी ‘४०च्या वर’ छापते, दुसरी बायकांसाठी ५० धरते. एचडीएल ४४ आलेली बाई पहिल्या कागदावर ठीक असते आणि दुसऱ्यावर ‘लो’. रक्त तेच. हा गोंधळ १९८८ ते २००१ या काळात अमेरिकेत आखल्या गेलेल्या रेषांमधून आला आहे.

हृदयविकाराच्या रुग्णांत एचडीएल कमी असते, हे न्यूयॉर्कमध्ये १९५१ सालीच दिसले होते. पण तेव्हा सगळे लक्ष एकूण कोलेस्टेरॉलवर होते. मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅम गावातल्या लोकांच्या नोंदी १९७७ मध्ये प्रसिद्ध झाल्या, तेव्हा एचडीएल जितके कमी तितका धोका जास्त, हे ठळक झाले. ‘चांगले कोलेस्टेरॉल’ हा शब्द त्यानंतर घरोघरी पोचला.

या शब्दाने फार नुकसान केले आहे. कोलेस्टेरॉलचा रेणू एकच; चांगला वेगळा आणि वाईट वेगळा असे काही नसते. एचडीएल हा प्रथिने आणि स्निग्धांश मिळून बनलेला कण. तो पेशींमधले जादा कोलेस्टेरॉल उचलून यकृताकडे नेतो, म्हणून तो ‘चांगला’. तपासणीत मोजले जाते ते या कणांमध्ये त्या क्षणी भरलेले कोलेस्टेरॉल. घंटागाडीत किती कचरा आहे हे पाहून ती दिवसभरात किती गल्ल्या फिरली ते कळत नाही, तसेच हे. कणांची उचलण्याची क्षमता वेगळी मोजता येते, पण ती तपासणी अजून संशोधनापुरतीच आहे.

आता रेषांकडे. १९८८च्या अमेरिकी मार्गदर्शनात कमी एचडीएल म्हणजे ३५च्या खाली. १९९३ मध्ये पहिल्याच तपासणीत एचडीएल घेण्याची शिफारस झाली, आणि ६० किंवा जास्त असेल तर धोक्याच्या यादीतून एक मुद्दा वजा करायचा असे ठरले. २००१ मध्ये ३५चे ४० झाले. त्याच वर्षी मेटाबॉलिक सिंड्रोमची (हृदयविकार आणि मधुमेहाचा धोका वाढवणाऱ्या, एकत्र आढळणाऱ्या लक्षणांच्या गटाची) व्याख्या करताना बायकांसाठी ५० धरले गेले. ते ५० पोटाचा घेर, रक्तदाब, साखर आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली आणखी एक चरबी) यांच्या सोबतीने वाचायचे होते. लॅबच्या छापील तक्त्यात मात्र ते एकटेच येऊन बसले.

आपल्याकडे याचा परिणाम मोठा आहे. महाराष्ट्र, तमिळनाडू, झारखंड आणि चंडीगड इथल्या एका पाहणीत (निष्कर्ष २०१४चे) पुरुषांना ४०, बायकांना ५० या मापाने ७२ टक्के लोक ‘लो’ निघाले. आपल्यात एचडीएल खरोखरच कमी असते आणि ट्रायग्लिसराइड जास्त, हे खरे. तरी दहातले सात जण ज्या रेषेखाली जातात, ती रेषा कोणाला जास्त जपायचे हे सांगू शकत नाही, असे मला वाटते.

६०च्या बक्षिसाचे पुढे काय झाले? एचडीएल वाढवले की हृदय वाचेल, या आशेवर औषधे आली. २००६च्या डिसेंबरमध्ये पंधरा हजारांवर लोकांवरची एक चाचणी अर्ध्यात थांबवावी लागली: एचडीएल सुमारे ७२ टक्के वाढले, पण औषध घेणाऱ्यांत मृत्यू जास्त झाले. ते औषध रक्तदाबही वाढवत होते, त्यामुळे दोष औषधाचा की कल्पनेचा, हा वाद राहिला. मग २०११ आणि २०१४ मध्ये नायासिन या एचडीएल वाढवणाऱ्या औषधाच्या दोन मोठ्या चाचण्यांतही आकडा वाढला, पण झटके काही कमी झाले नाहीत. जन्मतः एचडीएल थोडे जास्त ठेवणारे एक जनुकीय रूप असलेल्यांनाही संरक्षण मिळत नाही, असे २०१२ मध्ये दिसले. डेन्मार्कमधल्या एक लाखाहून जास्त लोकांच्या २०१७च्या नोंदींत तर फारच जास्त एचडीएल असलेल्यांत मृत्यूचे प्रमाण वाढलेले होते.

म्हणून कमी एचडीएल ही आजही धोक्याची खूण मानली जाते, पण तो आकडा वाढवण्यासाठी गोळी दिली जात नाही. रिपोर्टात आता ‘नॉन-एचडीएल’ची, म्हणजे एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा केल्यावर उरणाऱ्या आकड्याची, ओळ येते, ती आधी पाहावी. एचडीएल ३६ आणि एकूण १५० असेल तर वजाबाकी ११४. तेच ३६, पण एकूण २१० असेल तर १७४. दोन्ही कागदांवर एचडीएलपुढे ‘लो’च असते. डॉक्टरांशी बोलणे मात्र दोन्ही वेळा वेगळे होते.