सुझाना ड्ररीने रंगवलेला बेसॉल्ट

उत्तर आयर्लंडच्या अँट्रिम किनाऱ्यावर 'जायंट्स कॉजवे' आहे. बेसॉल्ट या काळ्या खडकाचे सुमारे ४०,००० खांब, बहुतेक षटकोनी, एकमेकांना खेटून थेट समुद्रात उतरलेले. ही रचना निसर्गाची की माणसाची, यावर सतराव्या शतकाच्या अखेरीस विद्वान वाद घालत होते. तेव्हाच्या चित्रांवर विसंबावं, तर त्यांत कल्पनेची भर फार.

१७३९च्या सुमारास आयरिश चित्रकार सुझाना ड्ररी तिथे गेली. तीन महिने जवळच मुक्काम करून ती जवळजवळ रोज किनाऱ्यावर जात असे, असं मेरी डिलेनी या समकालीन बाईंच्या पत्रात आहे. कमावलेल्या कातडीच्या पातळ तावावर, अपारदर्शक जलरंगांत तिने पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून दिसणारी दृश्यं रंगवली. खांबांचे कोन, त्यांचे आडवे सांधे, मोडलेले तुकडे, सगळं पाहून टिपलेलं. शेजारी माणसं काढल्यामुळे उंचीचाही अंदाज येतो. माझ्या मते ही चित्रं म्हणजे निरीक्षणाची नोंदच आहे. १७४०मध्ये डब्लिन सोसायटीने तिला २५ पौंडांचं बक्षीस दिलं. पुढे फ्रान्स्वा व्हिव्हारेसने ती चित्रं तांब्याच्या पत्र्यावर कोरली आणि त्यांचे छाप युरोपभर गेले.

ते छाप निकोला देमारे या फ्रेंच अभ्यासकाला माहीत होते. १७६३मध्ये फ्रान्समधल्या ओव्हेर्न्य प्रांतात त्याला तसेच खांब दिसले, आणि त्या खडकाचा माग काढत तो विझलेल्या ज्वालामुखीपर्यंत पोहोचला. मग आयर्लंडचे खांबही लाव्ह्याचेच असणार! लाव्हा थिजताना आकसतो, पृष्ठभागावर भेगांचं जाळं पडतं आणि गारवा आत शिरेल तशा भेगाही खोल जातात. त्यांच्यामधला दगड म्हणजे हे खांब. मुंबईत अंधेरीची गिल्बर्ट हिल अशीच घडली आहे.

देमारेचं म्हणणं सगळ्यांना पटलं नाही. बेसॉल्ट समुद्राच्या पाण्यातून साचला, असं मानणारा मोठा गट पुढे कित्येक वर्षं टिकून होता. पण १७६८मध्ये दिदरोच्या फ्रेंच विश्वकोशाच्या चित्रखंडात कॉजवेचं चित्र आलं, ते ड्ररीच्या चित्रावरून घेतलेलं होतं, आणि हे खांब ज्वालामुखीतून आले, हा निष्कर्ष देमारेने त्याच चित्रासोबतच्या मजकुरात छापला.