सतरा कोटींचा मुलगा, सहा हजारांचे वडील

हिपॅटायटिस बी, म्हणजे आपल्याकडची ‘पांढरी कावीळ’. तिचा व्हायरल लोडचा, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे याचा, रिपोर्ट हातात आला की माणूस आधी शून्यं मोजतो. समजा, २२ वर्षांच्या मुलाचा आकडा १७ कोटी आणि वडिलांचा ६ हजार. घर मुलाच्या काळजीनं हवालदिल होतं. पण मुलाचं एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) २४ आणि वडिलांचं ९० असेल, तर औषधाचा विषय आधी वडिलांचा निघतो.

१९६५ साली बारूक ब्लमबर्ग आणि हार्वे ऑल्टर यांनी एका ऑस्ट्रेलियन आदिवासीच्या रक्तात सापडलेल्या प्रथिनाची माहिती प्रसिद्ध केली. तो ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’, म्हणजे या विषाणूच्या पृष्ठभागावरचं प्रथिन, आजचा एचबीएसएजी. त्यावरून कळे ते एवढंच, की लागण आहे. १९७२ मध्ये स्वीडनमध्ये विषाणूचं आणखी एक प्रथिन, ‘ई’ अँटिजेन, सापडलं. तो पॉझिटिव्ह म्हणजे विषाणू जोरात, तो गेला की आजार निवला, असा हिशेब पुढे बसला. ग्रीस-इटलीतल्या रुग्णांनी तो मोडला. ‘ई’ निगेटिव्ह, तरी यकृत सुजलेलं! १९८९ मध्ये उलगडा झाला: जनुकातल्या एका बदलामुळे विषाणू ‘ई’ बनवणंच सोडून देतो, वाढ मात्र चालू ठेवतो. मग थेट विषाणूचा डीएनए, म्हणजेच व्हायरल लोड, मोजण्याला पर्याय उरला नाही.

आकड्याचा धाक बसवला तो तैवाननं. तिथल्या ३,६५३ लागण झालेल्यांवर अकरा वर्षांहून अधिक काळ नजर ठेवली गेली. निष्कर्ष २००६ मध्ये आले. मिलिलिटरमागे ३०० प्रतींपेक्षा कमी विषाणू असलेल्यांत यकृताच्या कर्करोगाचं प्रमाण १.३ टक्के, दहा लाखांवर असलेल्यांत १४.९ टक्के. पण ही माणसं ३० ते ६५ वयाची होती, हे सांगायचं नेहमी राहून जातं. जन्माच्या वेळी लागण झालेल्याच्या शरीरात पहिली वीस-तीस वर्षं विषाणू कोटींनी असतो, आणि प्रतिकारशक्ती त्याला फारसं छेडत नाही. यकृताचं मुख्य नुकसान होतं ते ती छेडायला लागल्यावर.

या पहिल्या टप्प्याला ‘सहनशील’ म्हणत. युरोपच्या यकृततज्ज्ञांनी २०१७ मध्ये नावं बदलली: ‘ई’ पॉझिटिव्ह असो वा निगेटिव्ह, नुसती लागण वेगळी आणि यकृतदाह वेगळा. ‘हेल्दी कॅरिअर’ (लागण आहे, पण आजार नाही) हा शिक्का जुन्या फायलींत मात्र अजून भेटतो, आणि त्याच्या भरवशावर दर सहा महिन्यांचं एसजीपीटी सोडून दिलेली माणसंही.